काटा कोठे आहे?

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त आम्ही इंदूरला गेलो होतो. एके सकाळी यजमानांची सायकल मागून घेतली आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून नदीकाठाने रमतगमत निघालो. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव या होळकरांची ही स्मारके कान्ह नदीच्या तीरी उभी आहेत.

थोड्याच वेळात मागचे चाक बसले. वाटेतल्या दुकानात घाईघाईने ठिगळ लावून घेतले. पण फर्लांगभर गेलो नाही तोच चाक पुन्हा बसले! सायकल हाती धरून चालत एका वृद्ध कारागिराकडे आलो. त्याने ट्यूब घमेल्यातील पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांवरून भोक शोधले. मात्र ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवले. ते एके ठिकाणी अडकले. बाभळीचा काटा! "भाऊ, हा आत असेपर्यंत ट्यूब किती वेळा जोडाल?" तो हसून म्हणाला.

समोरच्या नदीचीही हीच कथा. वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळत आले. नुसता काठ झाडून ती कशी शुद्ध व्हावी? सांडपाण्याची हजारो मुखे शोधून ती गटारवाहिन्यांना जोडावी लागली, तेव्हा कोठे २०२१ साली इंदूर देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले. काम संपले असे नव्हे. पण प्रारंभ उगमापाशी झाला.

आणि आमचे पापनिवेदन? १५५१ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने सांगितले की, खऱ्या पश्चात्तापात पापाविषयीच्या दुःखाबरोबर पुन्हा पाप न करण्याचा निश्चयही असतो. आम्ही मात्र दर उपवासकाळात धाकट्या भावावरील रागाची कबुली देतो, मन हलके करून घरी येतो आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पुन्हा त्याच्याशी भांडतो. क्षमा करण्यात प्रभू कधी उणा पडला नाही. काटा आम्हीच जपून ठेवला होता.

त्याच रात्री भावाला पत्र लिहिले: "दोघे मिळून मोजणी करून घेऊ. खूण जेथे पडेल, ती आम्हांस मान्य." आठ दिवसांनी उत्तर आले: "दादा, मोजणी कशाला? आधी जेवायला या."

वाचकहो, येत्या पापनिवेदनापूर्वी आपणही एकदा आतून फडके फिरवून पाहावे.