रिमोट आपल्या हाती, पडदा कोणाच्या?

आवडेल त्याच वाहिनीचे पैसे भरा, असे सांगत 'ट्राय'ने १ फेब्रुवारी २०१९ पासून केबल आणि डीटीएचची नवी दरपद्धत आणली. तिला आमचा विरोध नाही. पण औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भीमनगर-मुकुंदवाडीतल्या कष्टकऱ्याने निवड करायची ती कशातून? बड्या भांडवलदारांच्या वाहिन्यांतूनच ना?

२०१७ च्या नियमांनी वाहिनीचे ग्राहक वीस टक्क्यांहून कमी असतील तर वितरकाला तिच्याकडून वहनशुल्क घेण्याची मुभा दिली. वीस टक्के गाठणाऱ्या वाहिनीला ते शून्य! म्हणजे दुबळ्याला दंड, धनिकाला माफी. डीडी फ्री डिशवरच्या जागांचाही लिलावच होतो.

१९२० मध्ये 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. आज नकाराची जागा दरपत्रकाने घेतली आहे.

प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला. मग त्या मालमत्तेत बहुजनांचा वाटा कुठे आहे? लहान वाहिन्यांचे वहनशुल्क माफ करा, फ्री डिशवर त्यांना राखीव जागा द्या, ही मागणी चळवळीने लावून धरलीच पाहिजे.

आणि बांधवांनो, नागपूरच्या लॉर्ड बुद्धा, आवाज इंडिया या आपल्या वाहिन्या केबलवाल्याकडे हक्काने मागा. मागितल्याशिवाय वीस टक्के भरत नाहीत.

जयभीम!