‘नोकरी सांभाळून’ हे कौतुक आता पुरे

नाशिकला माझी मामेबहीण रग्बी खेळते. मामाचा विरोध, म्हणून मी त्याला वाहबिझ भरुचाबद्दलचा एक लेख फॉरवर्ड केला. पुण्याची मुलगी, भारताची कर्णधार, शिवाय फिजिओथेरपिस्ट. वाटलं, मामा विरघळेल. रिप्लाय आला, “कॅप्टन झाल्यावरही दुसरा व्यवसाय लागतोच ना? मग हिला आधी तेच शिकू दे.”

चार दिवस उत्तर शोधलं. सापडलं नाही, कारण मामाचा हिशोब बरोबर आहे. चुकतोय तो आपण सगळे मिळून.

या संघानं काय केलं ते बघा. भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला 2018 मध्ये, सिंगापूरला. दोन्ही हरला. जून 2019 मध्ये मनिलात वाहबिझच्या संघानं त्याच सिंगापूरला 21-19 असं हरवलं. शेवटच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकनं पेनल्टी मारली आणि पहिला विजय मिळाला.

मग आपण जिद्दीच्या गोष्टी लिहिल्या. ‘नोकरी सांभाळून देशासाठी खेळते’ हे वाक्य आपण हार घालावा तसं वापरतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला तर मला उठावं लागतं, पण त्याचे पैसे मिळतात. तेच काम कुणी फुकट करत असेल तर आपण त्याला शोषण म्हणतो. मैदानावर मात्र त्याचं नाव जिद्द होतं. नाशिककरांना हे नवं नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं, तरी आपण अजून ती अनवाणी धावायची हेच कौतुकानं सांगतो. बूट का नव्हते, हे विचारत नाही.

“रग्बी बघतंय कोण? पैसा येणार कुठून?” हा नेहमीचा प्रश्न. पैसा आहे. जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा फ्रँचायझी, परदेशी खेळाडू, टीव्ही, सगळं होतं. फक्त पुरुषांसाठी. दोनच महिन्यांनी राजगीरला आपल्या 20 वर्षांखालच्या मुलींनी आशियाई सेव्हन्समध्ये ब्राँझ मिळवलं.

आणि प्रेक्षक? इंग्लंडनं 2019 च्या सुरुवातीला 28 महिला खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. 2025 च्या विश्वचषक फायनलला ट्विकनहॅमवर 81,885 लोक आले. आधी गर्दी आणा, मग पगार देऊ, असं त्या मुलींना कुणी सांगत बसलं नाही.

आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चांगलंच आहे. पण ते कामगिरीनंतरचं बक्षीस आहे. खेळायच्या वर्षांत गुडघा गेला तर ऑपरेशनचं बिल कोण भरणार? शिबिरासाठी महिनाभराची रजा बिनपगारी का? राष्ट्रीय शिबिरातल्या प्रत्येक मुलीला मासिक मानधन, दुखापतीचा विमा आणि पुरुषांच्या लीगसोबतच महिलांची लीग, एवढं तरी मागूया. यात चैनीचं काहीच नाही.

बहीण सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावर पळते आणि नऊला कॉलेजात असते. तिला ‘प्रेरणादायी’ म्हणायचं मी थांबवलंय. मामाला द्यायला मला आता गोष्ट नकोय, करारपत्र हवंय.