चाळीस अंशांच्या पलीकडे

डीएसएलआर कॅमेऱ्यात व्हिडिओ आला तो 2008 साली. ऑगस्टमधल्या निकॉन डी90 मध्ये 720पी व्हिडिओ होता, पण एका दमात पाचच मिनिटे. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला कॅनन 5डी मार्क 2 फुल एचडी घेऊ लागला. तोही साधारण 12 मिनिटांनी थांबे, कारण कार्डावरच्या फॅट32 पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पुढे एक्सफॅट आले, फाइल आपोआप तुटून पुढची सुरू होऊ लागली आणि ती अडचण सरली.

29 मिनिटे 59 सेकंदांची मर्यादा मात्र तंत्राची नव्हतीच, ती जकातीची होती. सलग 30 मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जवळपास 5 टक्के शुल्क बसे. फोटो कॅमेऱ्यावर काहीच नसे. एक सेकंद कमी करून कंपन्यांनी कर चुकवला आणि मंगलाष्टके ऐन रंगात असताना बटण पुन्हा दाबण्याची कसरत जगभरच्या छायाचित्रकारांच्या गळ्यात पडली. नव्या मॉडेलांतून ही अट बहुतेक गेली आहे. उरलेल्या मर्यादा मात्र कागदी नाहीत.

पहिली सेन्सरची. 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरची रुंदी 6000 पिक्सेल असते. 8केसाठी 7680 लागतात, म्हणजे 3:2 आकाराच्या सेन्सरवर किमान 39 मेगापिक्सेल. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा 8के घेणार नाही, कितीही फर्मवेअर आले तरी. 4के मात्र तो उत्तम देऊ शकतो. संपूर्ण रुंदी वाचून चित्र लहान केले तर 25 फ्रेमला सेकंदाला 50 कोटींहून अधिक पिक्सेल वाचावे लागतात. हे झेपत नसेल तर कॅमेरा रांगा गाळून वाचतो आणि पैठणीच्या बारीक विणीवर इंद्रधनुषी लहरी नाचू लागतात, किंवा कडा कापून चित्र अरुंद करतो. रांगा एकामागून एक वाचल्या जात असल्याने कॅमेरा झटकन फिरवला की मंडपाचे खांब कलतात आणि शेजारच्या फोटोग्राफरचा फ्लॅश चमकला की अर्धीच फ्रेम उजळते.

दुसरी मर्यादा उष्णतेची, आणि विदर्भातल्या उन्हाळी लग्नांपुरती तीच खरी. सेन्सर, प्रोसेसर, कार्ड, बॅटरी हे सारे एका बंद, धूळ-पाणीरोधक डब्यात असतात. फोटो काढताना त्यांना मध्ये विसावा मिळतो, व्हिडिओत मिळत नाही. जुलै 2020 मध्ये आलेल्या कॅनन ईओएस आर5 ने 8के देऊन सर्वांना चकित केले, पण त्याची मुदत कंपनीनेच 20 मिनिटांची सांगितली होती. थांबल्यावर 10 मिनिटे थंड होऊ दिल्यास सुरुवातीच्या फर्मवेअरवर पुढची जेमतेम 3 मिनिटे मिळत. हे आकडे 23 अंश सेल्सियस तापमानाचे आहेत.

मे महिन्यात मुकुटबनला, झरी-जामणी तालुक्यातल्या या कोळसा-सिमेंटच्या पट्ट्यात, दुपारच्या मुहूर्ताला 23 अंश कुठून आणायचे? यवतमाळ-चंद्रपूरकडे पारा 45 ला टेकतो. समजा कॅमेरा आतून 65 अंशांना बंद पडतो. 23 अंशांच्या खोलीत उष्णता बाहेर टाकायला 42 अंशांचा फरक मिळतो, 45 अंशांच्या मंडपात फक्त 20. बाहेर जाणारी उष्णता निम्म्याहूनही कमी होते. त्यात कॅमेऱ्याची सुरुवातच तापलेल्या अवस्थेत होते आणि काळ्या बॉडीवर ऊन पडते ते वेगळेच. बहुतेक माहितीपुस्तिकांत वापराचे कमाल तापमान 40 अंश छापलेले असते. ते पान मात्र विकत घेण्याआधी कुणी उघडत नाही.

पंखा असलेले पॅनासॉनिक एस1एच (2019) आणि कॅनन आर5 सी (2022) बरेच पुढे गेले, पण पंखाही भोवतालची हवाच फिरवतो. 45 अंशांची हवा कॅमेरा 45 च्या खाली नेत नाही. त्यांच्या पुस्तिकेतही वरची मर्यादा 40 अंशच आहे. ज्या कॅमेऱ्यात ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ची सेटिंग असते, तिथे ती ‘हाय’ केल्यास वेळ वाढतो. पण मग बॉडी अधिक तापते, म्हणून कॅमेरा हातात नव्हे, ट्रायपॉडवर हवा. घडीचा स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवणे, चित्रण चालू असताना यूएसबीवरून चार्जिंग न करणे, पांढरी छत्री आणि विधींच्या मधल्या वेळात कॅमेरा पूर्ण बंद, हे उपाय साधे आहेत आणि उपयोगी पडतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे 4के 50 फ्रेममध्ये घेण्याचा हट्ट मात्र इथे सोडावा. 4के 25 फ्रेम, आणि लांब विधींच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर फुल एचडी, हेच शहाणपणाचे. पाहुण्यांच्या रांगेचे 8के कुणी मागितलेले नाही.

तिसरी मर्यादा कार्डाची, आणि तिथला घोळ बहुधा मेगाबिट-मेगाबाइटचा. 100 मेगाबिटचा 4के म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. व्ही30 कार्डाला तो सहज पेलतो. 400 मेगाबिटला 50 मेगाबाइट लागतात, म्हणजे व्ही60. आर5 चा 8के रॉ 2600 मेगाबिटचा. त्याला सीएफएक्सप्रेसच हवे आणि 512 जीबीचे कार्ड 26 मिनिटांत भरते. 100 मेगाबिटला तासाला 45 जीबी धरल्यास तीन तासांच्या लग्नाला एका कॅमेऱ्यामागे 135 जीबी. दोन कॅमेरे आणि त्यांची दुसरी प्रत धरली की घरी पोचेपर्यंत 540 जीबीची जागा हार्ड डिस्कवर मोकळी हवी.