अब्बांची फाईल आणि गारांनी फोडलेले पत्रे

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गावाकडे दुपारी चारच्या सुमारास गारा पडल्या. मराठवाड्यात आता हे नवल राहिलेले नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, ते तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडावर आभाळ काळे झाले की आधी जनावरे आत घेतात. या वेळी लिंबाएवढ्या गारा वीस मिनिटे पडत होत्या. घराच्या पुढच्या भागावर स्लॅब आहे, त्याला काही झाले नाही. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यातल्या सोळा पत्र्यांना आरपार भोके पडली आणि अकरांना तडे गेले. अम्मीने गव्हाची कोठी ओढत ओढत पुढच्या खोलीत आणली. तिची कंबर तेव्हापासून दुखते, ती वेगळी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी तलाठी आले. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण गावात अजून तलाठीच.) पंचनामा झाला, अब्बांनी सही केली. गल्लीतले सगळे तेवढ्यावर थांबले. सरकारी मदतीचा हिशेब सांगतो. केंद्राच्या आपत्ती निकषांत पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली असेल तर 6,500 रुपये मिळतात, कच्च्या घराला 4,000. त्यात पत्रे सोडा, ते बसवणाऱ्याची मजुरीही निघत नाही.

मी पुण्याहून गेलो, तेव्हा घरावर ताडपत्री होती आणि अब्बा नेहमीसारखे शांत होते. मागच्या खोल्या 2022 साली बँकेचे कर्ज काढून बांधल्या होत्या. कर्जाचा हप्ता कुठवर आला हे बघायला मी फाईल उघडली, तर तळाशी घराच्या विम्याची पॉलिसी. कर्ज देतानाच बँकेने दहा वर्षांची पॉलिसी काढून हप्त्याची रक्कम कर्जात मिळवली होती. अब्बांना ते माहीत होते. ते म्हणाले, "ती ठेव बाजूला. विम्याचा पैसा आपल्या घरात नको."

माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात हे वाक्य बोलले गेले असणार. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अब्बांचा आक्षेप अडाणीपणाचा नाही. व्याज, अनिश्चितता आणि जुगाराचा अंश या तीन कारणांनी व्यापारी विमा नाजायज ठरवणारे मोठे उलेमा आहेत. ओआयसीच्या फिक्ह अकादमीने 1985 साली जेद्दाह येथे तसाच ठराव केला आणि त्याऐवजी सहकारी विम्याचा मार्ग सांगितला. दुसरीकडे मुस्तफा अल-झर्का यांच्यासारख्या सीरियन विद्वानांनी विमा जायज असल्याची बाजू मांडली. आपल्याकडे इस्लामिक फिक्ह अकादमीच्या उलेमांनी दंगलींचा अनुभव समोर ठेवून भारतातल्या मुसलमानांना जीव आणि मालमत्तेच्या विम्याची मुभा दिली. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण अब्बांना मी एवढेच विचारले की हप्ता तर तुम्ही भरलाच आहे. पैसे कंपनीकडे गेले, करार झाला, आता नुकसान झाल्यावर आपण गप्प बसलो तर त्यात परहेजगारी कुठे आली? फायदा फक्त कंपनीचा. भरपाई पत्र्यांच्या खर्चाएवढी घ्या, वर एक रुपया नको. आणि उंट आधी बांधा, मग तवक्कुल करा, हे तर तुम्हीच मला लहानपणी शिकवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. पण जेवढे फुटले तेवढेच लिही."

ती अट पाळणे सोपे नव्हते. गावातला एक ओळखीचा माणूस, जो असले अर्ज भरून देतो, म्हणाला की सगळे छतच फुटले असे लिहा, टीव्ही जळाला म्हणा, ते निम्मे कापतातच. हाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि बहुतेकांना त्यात गैर काही वाटत नाही. विम्याची रक्कम कंपनीच्या मालकाच्या खिशातून येते असे आपण धरून चालतो. ती आपल्यासारख्याच हजारो घरांच्या हप्त्यांतून येते. त्यात खोटे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या फुटलेल्या पत्र्याचे पैसे उचलणे.

पण खरे लिहिणाऱ्याला काय मिळते, तेही बघा. आम्ही कंपनीला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. आमच्या पॉलिसीच्या यादीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल असे सगळे होते, पण गारपीट हा शब्द मला दिसला नाही. म्हणून अर्जात 'वादळी वाऱ्यासह झालेली गारपीट' असे लिहिले. ते खरेच होते, वाऱ्याने शेजारच्या शेवग्याचीही फांदी मोडली होती. ताडपत्री टाकण्याआधी धाकट्या भावाने मोबाइलवर फोटो काढले होते, हे नशीब. फुटके तुकडे अम्मीने अंगणात रचून ठेवले होते, त्याचाही उपयोग झाला. पंचनाम्याची प्रत, वर्तमानपत्रातले कात्रण, गावातल्या मिस्त्रीचे 61,400 रुपयांचे अंदाजपत्रक, एवढे जोडले.

सर्वेअर आले, चहा न घेता वीस मिनिटांत गेले. महिन्याने कंपनीचे पत्र आले: 22,700 रुपये. तडे गेलेले अकरा पत्रे 'जुनी झीज' म्हणून वगळलेले, आणि उरलेल्या सोळांवर वयाची कपात. दोन-अडीच वर्षांच्या पत्र्यांना जुनी झीज! सर्वेअरने हे धरूनच चालायचे ठरवले होते की समोरचा माणूस फुगवून सांगतो. त्यामुळे जो फुगवतो त्याला बरोबर मिळते आणि जो खरे सांगतो त्याला निम्मे. या पद्धतीने प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला शिकवले जाते, आणि याबद्दल मला विमा कंपन्यांवर राग आहे. फसवणुकीचे आकडे त्या सांगतात, पण आपल्या कपातीने ती फसवणूक किती वाढते, याचा हिशेब कोणी करत नाही.

अब्बा म्हणाले, अल्लाहची मर्जी, घेऊन टाक. मी या वेळी ऐकले नाही. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. मग एक पानाचे पत्र लिहिले: वयाची कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाने केली ते कळवा, आणि तडे जुने आहेत हे कशावरून ठरवले तेही कळवा. तडे गेलेल्या पत्र्यांवरच्या गारांच्या खुणांचे फोटो पुन्हा जोडले. शेवटी लिहिले की एका महिन्यात उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जाऊ. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे, 50 लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. 2024 च्या जूनमध्ये विमा नियामकाने असेही बजावले आहे की निव्वळ कागद अपुरे म्हणून दावा फेटाळता येणार नाही. हेही पत्रात घातले. तक्रारखिडकीवर तासभर भांडून जे होत नाही, ते तारीख घातलेल्या पत्राने होते, असा माझा अनुभव आहे.

चौथ्या महिन्यात 46,200 मंजूर झाले. पॉलिसीवर बँकेचे नाव होते, म्हणून रक्कम आधी बँकेकडे जाणार होती. ती दुरुस्तीसाठी सोडावी म्हणून तिथेही एक अर्ज आणि दोन खेपा. दरम्यान पावसाळा निघून गेला होता. अम्मीने तो ताडपत्रीखाली काढला. पत्रे आम्ही उसने घेऊन दिवाळीच्या सुट्टीत बसवले आणि पैसे आले तसे उसने फेडले.

आमच्या गल्लीत कर्ज काढून बांधलेली निदान सात-आठ घरे आहेत. त्यांतल्या चौघांच्या फायली मी परवा पाहिल्या. तिघांकडे पॉलिसी होती, दोघांना ती असल्याचे माहीतच नव्हते. तिसऱ्या घरच्या खालाने अब्बांसारखेच उत्तर दिले. तिला मी काही बोललो नाही. अब्बाच तिच्याकडे जाऊन बसले होते.