कसबाचा मोबदला कोणत्या रकान्यात?

२०२५ सालच्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले आणि त्यात कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब जुळणारे पादत्राण मंचावर आणले, तेव्हा महाराष्ट्रात मोठाच गहजब उडाला. निवेदने निघाली, वृत्तपत्रांतून संताप व्यक्त झाला, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि जुलैमध्ये ती फेटाळलीही गेली. दरम्यान, या पादत्राणाची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतली असल्याचे त्या पेढीने मान्य केले. पुढे डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने सहकार्याचा करारही केला. झाले ते बरेच झाले. मात्र या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. परक्यांनी श्रेय दिले नाही म्हणून आपण संतापलो. पण ही चपला करणाऱ्या माणसाला आपण स्वतः आजवर काय दिले?

भौगोलिक निर्देशनाची मोहोर या चपलेला २०१९ साली मिळाली. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचा तिच्यावर हक्क आहे. परंतु हा हक्क भारतातील कायद्याने दिलेला. मिलानमध्ये त्याचा अंमल चालत नाही. आणि येथेही, दुकानाच्या काचेमागे चप्पल ज्या किमतीला विकली जाते, त्या किमतीतला किती अंश कातडे कमावणाऱ्याच्या, तळ कापणाऱ्याच्या आणि घरात बसून वेणी विणणाऱ्या त्याच्या बायकोच्या पदरी पडतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्या वस्तीत एक दुपार घालवावी. खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवलेली ती वस्तू पायाला कशी बसेल, हे त्या हातांना ठाऊक असते. पण त्या ठाऊक असण्याची किंमत बिलात कोठेही लिहिलेली नसते.

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे दक्षिण महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. पहिल्याच वर्षाच्या पाठ्यपुस्तकात उत्पादनाचे चार घटक सांगितलेले असतात: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला नफा असे चार रकाने पडतात आणि विद्यार्थी ते मुखोद्गत करतात. कसब यांपैकी कोणत्या रकान्यात बसते? पुस्तक म्हणते, ते 'कुशल श्रम' होय. त्याला थोडे अधिक वेतन. विषय तेथेच संपतो. आता नवे काही घडविण्याचे, जोखीम पत्करण्याचे सारे पुण्य तर संयोजकाच्या, म्हणजे चौथ्या रकान्यात जमा असते. ही विभागणी कागदावर सोयीची असली, तरी आमच्या या मुलखाचा औद्योगिक इतिहास तिला मुळीच जुमानत नाही.

मिरजेचेच पाहा. तेथील शिकलगारांचा धंदा शस्त्रांना पाणी देण्याचा, धार लावण्याचा. मराठेशाहीचा अस्त झाला, शस्त्रे म्यानात गेली आणि या घराण्यांची उपजीविका बुडाली. अशा वेळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडविण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या हाती भांडवल होते असे नाही, कोणी कर्ज मंजूर केले होते असेही नाही. होते ते एवढेच की अवजार कसे धरावे, किती घासावे आणि कोठे थांबावे हे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले ज्ञान. तलवारीचे पाते आणि तंबोऱ्याची घोडी यांत काय साम्य, असे वरवर वाटेल. पण तंबोऱ्याची जवारी लावणे म्हणजे तरी काय? घोडीचा पृष्ठभाग तारेखाली इतक्या सूक्ष्म उताराने घासावयाचा की तार तिला जेमतेम स्पर्शावी आणि स्वरातून त्याचे अंतरंग उमलावे. एक घासणी अधिक झाली की काम फसले. यासाठी मापपट्टी नाही. कान हीच मापपट्टी.

पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे कडू भोपळे, तुणीचे लाकूड आणि मिरजेचा कारागीर यांच्या मेळातून जे वाद्य सिद्ध झाले, त्याची कीर्ती सर्व हिंदुस्थानात पसरली. त्यात गवयांचा वाटा फार मोठा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गायक मिरजेस राहिला. अशा गिऱ्हाइकासाठी तंबोरा करणे ही साधी गोष्ट नव्हे. चिकित्सक गिऱ्हाईक आणि मानी कारागीर एकाच गावात राहत असले म्हणजे वस्तू कशी सुधारत जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मार्शलने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात एकाच धंद्याची वस्ती असलेल्या गावांविषयी जे विवेचन केले, ते विद्यार्थ्यांना समजावताना मी शेफील्डच्या सुऱ्यांचे उदाहरण देत असे. पुष्कळ वर्षे दिले. मिरज तीस मैलांवर असून ती मला सुचू नये, हा आमच्या शिक्षणाचाच गुण म्हणावयाचा.

किर्लोस्करांची कथा अधिक परिचित आहे. तिच्यातील एकाच धाग्याकडे लक्ष वेधतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, पण रंगांधळेपणामुळे चित्रकार होणे त्यांना शक्य झाले नाही. यंत्रांची रेखाटने शिकविणारे शिक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली आणि ती सोडून बेळगावी सायकलींच्या दुकानात व पुढे कडबा कापण्याच्या यंत्रात ते गुंतले. लोखंडी नांगर त्यांनी १९०३ च्या सुमारास केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे पाठ्यपुस्तकातील नफ्याच्या व्याख्येत कोठे बसवावयाची? त्या काळात शेतकरी जी नावे ठेवीत होता, ती ऐकून घेण्याची चिकाटी हेच खरे भांडवल होते. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि कारखान्याला घर मिळाले. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली असता शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असेही सांगतात.

आणि कोल्हापूरचे बाबुराव पेंटर? वडील सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम सर्वच जाणणारे मिस्त्री. बाबुराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. चित्रपटाचे वेड लागले, पण परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबुरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा घरीच तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. या उपक्रमाला पैसा पुरविला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. कोणा सावकाराने नव्हे. पुढे 'प्रभात'चे जे संस्थापक झाले, त्यांतील बहुतेकांनी याच घरी धडे गिरविले. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर यांनी शोध आणि नवप्रवर्तन यांत भेद केला आहे. शोध म्हणजे कल्पना, नवप्रवर्तन म्हणजे ती बाजारात उभी करणे. भेद योग्यच आहे. पण कोल्हापुरात या दोहोंच्या मध्ये लेथवर उभा असलेला एक तिसरा माणूस दिसतो आणि तो बहुधा पहिल्या दोघांहून वेगळा नसतो.

आता वर्तमानाकडे वळू. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जांवर सही करीत असता एका मुलाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे 'नोकरी' एवढाच शब्द आढळला. पुढे वर्गात उत्पादन-फलन शिकविताना सहज बोलणे निघाले, तेव्हा कळले की वडील उद्यमनगरातील एका फौंड्रीत मोल्डर आहेत. मी त्या मुलास विचारले आणि तो जो बोलू लागला तो थांबेचना: साच्यासाठी वाळू कोणती, तिच्यात ओल किती हवी, ती मुठीत दाबून कशी पाहतात, वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओतण्याची वेळ कशी ओळखतात. तास संपल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "सर, हे अभ्यासात येतं व्हय?" अभ्यासात ते येत नव्हते. येत असते, तर अर्जात 'नोकरी' असे लिहिण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. वडिलांचे कसब त्याला लपवावेसे वाटले, यात त्याचा दोष नाही. पोराने शिकावे ते हातातील काम सुटावे म्हणून, हे त्याने घरी आणि शाळेत दोन्हीकडे ऐकले होते. धगीपुढे उभ्या राहिलेल्या बापाने तसे म्हणावे हे स्वाभाविकच आहे; आम्ही शिक्षकांनीही तेच म्हणावे, याला मात्र सबब नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज मिळते. ही मदत मोलाची आहे. परंतु कर्ज हे दुसऱ्या बाजूचे, म्हणजे व्याजाच्या रकान्यातले उत्तर आहे. ज्याच्या मालाला भाव ठरविण्याचा अधिकार नाही, त्याने कर्ज काढून अधिक माल केला, तर व्यापाऱ्याचे दर आणखी पडतात, एवढेच. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, ही आनंदाची वार्ता. पण मोहोर हे नावाचे संरक्षण आहे, मागणीचे नव्हे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. बंगळूरचे जी. राज नारायण हे विमान-अभियंते आणि बासरीवादक. १९७९ साली त्यांनी विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. आता तर दूरध्वनीच्या संचावरच तंबोरा फुकट वाजतो आणि रोजच्या रियाजासाठी शेकडो विद्यार्थी त्यावरच भागवितात. नवप्रवर्तनाने कसबाला मारले, असे हे चित्र आहे. यावर रडून उपयोग नाही. शिकलगारांची तलवारही अशीच गेली होती. फरक इतकाच की तेव्हा शिकलगाराच्या मुलाच्या हातात वडिलांचे कसब शिल्लक होते, म्हणून त्याला दुसरीकडे वळता आले. आज कारागिराचा मुलगा कारखान्याच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो, तेव्हा एक रोजगार जाऊन दुसरा आला अशी नोंद आकडेवारीत होते. घरात चार पिढ्या साठलेले ज्ञान त्याच दिवशी संपले, याची नोंद कोठेच होत नाही.

कसबाचा मोबदला चौथ्या रकान्यात जमा करून दाखविल्याचे एक उदाहरण आपल्या राज्यात आहे आणि त्याचे नवल आपल्याला वाटेनासे झाले आहे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पापड लाटणे हे कसब आहे, असे तेव्हा कोणी मानले नसते. घरोघरी बायका ते करीतच होत्या. या भगिनींनी यंत्र शोधले नाही की नवा पदार्थ काढला नाही. त्यांनी हिशेबाची रीत नवी काढली. जी लाटील ती मालकीण, नफा-तोटा सगळ्यांत वाटून घ्यावयाचा, देणगी कोणाची घ्यावयाची नाही. सकाळी केंद्रावरून पीठ न्यावयाचे, घरी लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यावयाचे. आज 'लिज्जत'मध्ये ४० हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. चपलेच्या धंद्याला ही रीत जशीच्या तशी लागू पडेल, असे मी म्हणत नाही. कातड्याला पीठापेक्षा अधिक भांडवल लागते आणि जातीचा जो कलंक आपण त्या धंद्यावर लादला तो पापडावर कधीच नव्हता. पण भाव कोण ठरविणार, हा प्रश्न त्या गच्चीवर सुटला होता आणि चर्मकार वस्तीत तो अजून सुटलेला नाही. परदेशी पेढीशी करार करताना महामंडळांनी जोडामागे कारागिराच्या हाती नेमके काय पडणार, हा आकडा दोन्ही राज्यांत जाहीर करावा, एवढी मागणी तरी आपण करू शकतो.

आमच्या, म्हणजे शिक्षकांच्या, हाती आहे ते याहून लहान. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली असून, दीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीच्या अटीवाचून शिकविता यावे, असा तिचा उद्देश आहे. तिचा लाभ आजवर बहुतेक निवृत्त अधिकारी आणि कंपन्यांचे व्यवस्थापक यांनाच मिळालेला मी पाहिला. तो आधार धरून आम्ही काही सहकाऱ्यांनी एक प्रस्ताव पाठविला: वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक सत्र एखाद्या फौंड्रीतील मिस्त्रीकडे, वाद्ये करणाऱ्याकडे किंवा चपला शिवणाऱ्याकडे काढावे; त्या वस्तूचा खर्च, किंमत आणि वाटणी यांचा हिशेब लिहावा; त्याचे गुण धरले जावेत आणि त्या कारागिराला व्याख्यात्याच्या दराने मानधन मिळावे. चार महिन्यांनी कागद परत आला. हरकत एकच होती: नियोजित मार्गदर्शकाची शैक्षणिक अर्हता नमूद केलेली नाही. मी मिस्त्रींना विचारून त्या रकान्यात 'सातवी उत्तीर्ण, भट्टीवर ३१ वर्षे' असे लिहिले आणि प्रस्ताव पुन्हा पाठविला आहे.