आतले कोण बघतो?

‘आतले कोण बघतो?’ या तीन शब्दांनी आपल्याकडचे जेवढे चांगले काम बुडविले आहे, तेवढे दारिद्र्यानेही बुडविले नसेल. शिंपी अस्तराला लांब टाके घालतो, गवंडी पायात विटांचे तुकडे भरतो, प्रकाशक पुस्तकाच्या शिवणीतला दोरा वाचवितो. विचारावे, तर उत्तर ठरलेले. शिंप्या-गवंड्याला निदान पोटाची सबब तरी आहे. पण हाच प्रश्न शिकल्या-सवरल्या माणसाने एका शाळकरी पोराला भर सभेत विचारावा आणि भोवतालच्यांनी माना डोलवाव्यात, हे पाहून मला राहवले नाही. फराळाच्या ताटात कारल्याची फोड वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

झाले ते असे. विज्ञान-प्रदर्शनात आमच्या एका विद्यार्थ्याने लिबरेटर या युद्धकालीन बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती मांडली होती. मामाने पाठविलेला प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच. प्रमाण एकास बहात्तर. खरे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट, म्हणून हे साडेअठरा इंचांच्या आत. पोराने त्यावर चार महिने घालविले आणि त्यांतले तीन वैमानिकांच्या कोठडीवर, म्हणजे ज्याला इंग्रजीत कॉकपिट म्हणतात त्या जागेवर. परीक्षकांनी विमान उचलले, उलटेसुलटे केले, पंखांवरचा रंग वाखाणला आणि विचारले, “बाळ, आत एवढा वेळ कशाला घालविलास? आतले कोण बघतो?” पहिले बक्षीस थर्मोकोलच्या एका ‘आदर्श गावा’ला गेले. ते गाव शहरातल्या दुकानातून तयार आले होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यातल्या एकाही घराचे दार उघडत नव्हते.

आता त्या तीन महिन्यांत पोराने केले काय, ते ऐका. या प्रमाणात ताठ उभा माणूस बोटाच्या पेराएवढा होतो आणि वैमानिकासमोरची वेग-उंची दाखविणारी तबकडी खसखशीच्या दाण्याएवढी. अशा तबकड्यांची फळी आधी काळी रंगवावी लागते. मग कुंचला पांढुरक्या रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईतो पुसावयाचा आणि फळीवरून अलगद फिरवावयाचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि एकेक तबकडी अंधारातून वर येते. तिच्यावर सुईच्या टोकाने वॉर्निशचा थेंब ठेवला की काच झाली. भाग ज्या चौकटीला जोडून येतात, तिची काडी मेणबत्तीवर मऊ करून ताणली की केसासारखा तंतू निघतो. चार इंजिनांच्या चार मुठींचे दांडे त्याचे. आसनांचे पट्टे चॉकलेटच्या चांदीचे. वरची काच फेव्हिक्विकने चिकटविली तर त्याच्या वाफेने ती पांढरी धुरकट होते आणि सारे कष्ट मातीत जातात. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉलच हवा. हे ज्ञान पोराला कुणी दिले नव्हते. दोन काचा खराब करून त्याने ते मिळविले होते.

आणखी एक गोष्ट परीक्षकांना दिसली नाही. लिबरेटरचे एक चाक नाकाखाली असते. प्रतिकृतीचे नाक मोकळे ठेवले तर विमान शेपटीवर बसते आणि तोंड आभाळाकडे करते. म्हणून कोठडीच्या तळाखाली सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे दडविलेले होते. परीक्षकांनी ज्याच्या पंखांची तारीफ केली, ते विमान टेबलावर सरळ उभे होते ते या आतल्या, न दिसणाऱ्या वजनामुळे.

कुणी म्हणेल, मास्तर, परदेशी विमानाचे एवढे कौतुक कशाला? पण लिबरेटर आपल्याला परके नाही. अमेरिकेत अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बनली. त्यांतली ब्रिटिशांना मिळालेली काही युद्धानंतर कानपूरला पडून राहिली. ती कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना त्यांच्या तबकड्या फोडल्या, इंजिनांत वाळू ओतली, असे सांगतात. विमान मारावयाचे तर आतून मारावे लागते, हे त्या साहेबांना पक्के ठाऊक होते. आमच्याच परीक्षकांना तेवढे ठाऊक नाही! हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमाने उभी केली, १९४८ साली हवाई दलाची पहिली तुकडी त्यांवर सज्ज झाली आणि पुढे पुण्याच्या आकाशात ही विमाने वर्षानुवर्षे घरघरत राहिली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. त्यांतले एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे; दुसरे १९७४ साली उडत इंग्लंडला गेले आणि तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात विसावले.

याहून गंभीर आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला. सज्जन माणूस, खादी वापरणारा. तो म्हणाला, “मुलांच्या हाती बॉम्ब टाकणारे यंत्र द्यावेच कशाला?” या प्रश्नाचा मी आदर करतो. पण माझे उत्तर असे की, यंत्र बाहेरून दाखवाल तर मूल पंख पसरून ‘घुर्रर्र’ करीत अंगणभर धावेल, आणि तेवढ्यावरच थांबेल. आत शिरलात तर माणसे मोजावी लागतात. दोन वैमानिक शेजारी शेजारी. पाठीमागे बिनतारी यंत्रावरचा. नाकात नकाशा पाहणारा, आणि खालच्या काचेतून नेम धरणारा. तोफांवरचे धरून आठ-दहा जण, बहुतेक विशी-पंचविशीतले. मधल्या कप्प्यात दोन्ही बाजूंना बॉम्ब आणि त्यांमधून पुढे-मागे जावयाला वीतभर रुंदीची फळी. तिच्याखालची दारे दुकानाच्या शटरासारखी वर गुंडाळली जातात; ती उघडली की फळीखाली नुसते आकाश.

ती फळी कापताना पोराने मला विचारले, “सर, खाली कोण होतं?” इतिहासाच्या पुस्तकातल्या एकाही धड्याने त्याला हा प्रश्न सुचविला नव्हता. मी सांगितले ते असे : आपल्या पूर्वेकडच्या तळांवरून उडालेल्या लिबरेटरांनी ब्रह्मदेश आणि सयामच्या रेल्वेवर बॉम्ब टाकले. त्या रेल्वेवर जपान्यांनी राबविलेले युद्धकैदी होते, मलायातून नेलेले हजारो तमिळ मजूर होते, आणि काही बॉम्ब कैद्यांच्या छावण्यांवरच पडले. पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग नेम धरणाऱ्याची जागा त्याने दुसऱ्यांदा, अधिक नीट केली. माझ्या खादीधारी मित्राने शांततेवर दिलेल्या सगळ्या व्याख्यानांत एवढे काम झाले असेल, असे मला वाटत नाही.

आणि हे ‘आतले कोण बघतो’ फर्दापुरात विचारावे, याची तर कमाल झाली! इथून हाकेच्या अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. पाचव्या शतकातल्या त्या चिताऱ्यांनी तूस आणि गवत कालवलेल्या मातीचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि जिथे भर दुपारीही ऊन पोहोचत नाही तिथल्या छतावर फुले, बदके, फळे रंगविली. पुढे त्यांच्या नकला करणारेही या गावाने पाहिले. गिलसाहेबाच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनला जळाल्या, जे. जे.ची मुले घेऊन तेरा वर्षे खपलेल्या ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा प्रतींची १८८५ साली तीच गत झाली. तरी १९०९ साली हेरिंगहॅमबाई पुन्हा इथे तळ देऊन बसल्या, आणि नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखी तरुण मंडळी अंधारातल्या भिंती पुन्हा उतरवू लागली. प्रतिकृती म्हणजे पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी ते वाक्य लेण्याच्या आत उभे राहून उच्चारून पाहावे.

या चार दिवसांत घरोघर किल्ले होतील. म्हणजे व्हावयाचे. शहरांतून प्लॅस्टरचे तयार किल्ले विकावयास येतात. घरी आणावयाचे, वर महाराजांना बसवावयाचे, झाली दिवाळी. ज्यांच्या अंगणात अजून चिखल कालवला जातो, त्यांनी मुलाला टाके कुठे, दारूकोठार कुठे, चोरदिंडी कोणत्या अंगाला, हे एकदा विचारावे. उत्तर न आल्यास रागावू नये; दोघांनी मिळून शोधावे.

प्रदर्शन पुढच्या वर्षीही भरेलच. तो पोरगा आता विमानाच्या पोटातली बिनतारी यंत्राची पेटी करतो आहे. परीक्षकांना एकच विनंती : येताना खिशात छोटी बॅटरी आणावी. आमच्या सभागृहात सकाळच्या वेळी वीज नसते.