वसईची दुपार १२:३९ ला होते

वसईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि वसई-विरार ७२.८ अंशांजवळ. अंशाला चार मिनिटे धरली, की ३९ मिनिटांचा हा फरक निघतो. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने पुढे कित्येक वर्षे जपलेला ‘बॉम्बे टाइम’ तिच्यापेक्षा तेवढाच मागे होता. तो घड्याळांतून गेला. नालासोपाऱ्याच्या मशिदीत जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ मात्र आजही इथल्या सूर्यावरूनच ठरते. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२:२२ च्या पुढे सुरू होते, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या.

ही वेळ आता बहुतेक जण फोनवर पाहतात. म्हणजे ती सांगण्याचे काम अ‍ॅप घडवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे आले आहे. आपल्याला ते सोपे वाटते. अक्षांश, रेखांश, तारीख घ्यायची, तयार लायब्ररी जोडायची, पाच नमाजांच्या वेळा दाखवायच्या. या कामात हिशोब चुकतो कुठे आणि हिशोब बरोबर असूनही माणूस चुकतो कुठे, हे वसई-विरार इतके स्पष्ट दाखवते, की या महिन्याचे संपादकीय त्यासाठीच राखले आहे.

आधी हिशोबाची चूक. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ सावलीवरून ठरते. माध्यान्हीची सावली अधिक वस्तूच्या उंचीइतकी सावली झाली, की शाफई परंपरेत असर सुरू होते. माध्यान्हीची सावली काढताना अक्षांशातून सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) वजा करतात आणि त्या फरकाचे केवळ मूल्य घेतात. हे केवळ मूल्य घ्यायचे राहिले, तर दिल्लीत वर्षभर चाचणी केली तरी काही बिघडलेले दिसणार नाही. लंडनमध्येही नाही. कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच माथ्यापलीकडे जात नाही. वसई १९.४ अंशांवर आहे. इथे मेच्या मध्यानंतर सूर्य माथा ओलांडून उत्तरेला जातो आणि जुलैच्या अखेरीस परततो. तेवढे दिवस माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, वजाबाकी ऋण येते आणि सूत्र सावली वाढवण्याऐवजी कमी करते. २१ जूनला अशा अ‍ॅपमधली शाफई असर सुमारे १८ मिनिटे आधी लागते. वेळ होण्याआधी पढलेली नमाज होत नाही. अ‍ॅपवर भरवसा ठेवणाऱ्याच्या पदरात आपण काय टाकले, याचा विचार करा. शिवाय हे दिवस पावसाळ्याचे. आभाळ भरलेले असते, सावली पडतच नाही आणि चूक पकडायला कुणाकडे साधन उरत नाही.

दुसरा प्रश्न परंपरेचा. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई, उत्तरेकडून येऊन इथे स्थिरावलेली कुटुंबे बहुतांश हनफी. हनफी असर सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर, अर्थात माध्यान्हीची सावली वगळून. वसईच्या अक्षांशावर या दोन वेळांत डिसेंबरात पाऊण तास आणि जूनमध्ये सव्वा तास अंतर पडते. एकाच इमारतीतल्या दोन घरांच्या दोन वेळा, आणि दोन्ही बरोबर. म्हणून हा पर्याय सेटिंगच्या चौथ्या पानावर लपवू नका. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच, साध्या मराठीत आणि उर्दूत विचारा.

पहाटेच्या फजर आणि रात्रीच्या इशा या नमाजांचेही तसेच. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला म्हणजे संधिप्रकाश संपला, यावर निरनिराळ्या संस्थांचे निरनिराळे आकडे आहेत. कराचीच्या पद्धतीत १८ अंश, उत्तर अमेरिकेतल्या इस्ना या संस्थेच्या पद्धतीत १५. वसईत हे तीन अंश ऋतूनुसार १३ ते १५ मिनिटांचे होतात. सौदीच्या उम्म अल-कुरा पद्धतीत इशा सूर्यास्ताच्या मगरीबनंतर ९० मिनिटांनी आणि रमजानात १२० मिनिटांनी. आखातातून सुटीवर आलेल्या माणसाच्या फोनमध्ये तीच पद्धत राहिली, तर रमजानात त्याची इशा १८ अंशांच्या इशापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा दिसते. फोनने गाव बदललेले ओळखले, पद्धत मात्र तीच ठेवली. देश बदलला की अ‍ॅपने पद्धतीबद्दल पुन्हा विचारलेच पाहिजे.

याउलट, जिथे आपण अचूकतेचा सोस करतो तिथे तिची गरज नसते. चर्चगेट ते विरार रेखांश जवळजवळ सारखाच राहतो. सूर्यास्तात पडणारा फरक वर्षभरात कधीही साधारण एका मिनिटापलीकडे जात नाही. रेखांशातल्या एका अंशाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे एक किलोमीटर, वेळेत अडीच सेकंदांचाही फरक करत नाही. मग वापरणाऱ्याचे घर कोणत्या गल्लीत आहे हे आपल्याला कशाला हवे? अंदाजे स्थान मागा, हिशोब फोनमध्येच करा, स्थान बाहेर पाठवू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपमधून स्थानाची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात असल्याचे पत्रकारांनी उघड केले. त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. अ‍ॅपने संबंध तोडल्याचे जाहीर केले, पण नमाजाची वेळ बघण्यासाठी दिलेली परवानगी कुठवर पोहोचू शकते हे तेव्हा जगाने पाहिले.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. सेकंद वगळताना सहेरीची शेवटची वेळ खालच्या मिनिटाला आणा, इफ्तारची वरच्या. अँड्रॉइड ६ पासून बॅटरी वाचवणारी ‘डोझ’ ही सोय अलार्म लांबवू शकते आणि अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने बसवलेल्या अ‍ॅपला अचूक अलार्मची परवानगी सहसा आपोआप मिळत नाही. ती का हवी, हे समजावून मागा. आणि ‘नमाजाची वेळ सुरू’ व ‘मशिदीत जमात’ या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे पडद्यावर लिहा. ‘अ‍ॅप चुकते’ ही तक्रार पुष्कळदा याच गोंधळातून येते.

जुन्या काळी मोठ्या मशिदींत वेळ ठरवायला मुवक्कित नेमलेला असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत हे काम इब्न अल-शातिर या मोठ्या खगोलज्ञाकडे होते. वेळेबद्दल शंका आली, तर कुणाला विचारायचे हे तिथल्या माणसाला ठाऊक होते. आपल्या अ‍ॅपमधल्या आकड्यामागे कुणी दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळेखाली पद्धत, अंश आणि गाव लिहिलेले असावे. मशिदीच्या इमामसाहेबांना तो आकडा त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहता आला पाहिजे.

आणि पाऊस येण्याआधी एक काम करा. या मेच्या शेवटच्या आठवड्यात वसई-विरारच्या एखाद्या गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. माध्यान्हीची सावली मोजा. ती पाच सेंटिमीटरच्या आत असेल आणि दक्षिणेला पडलेली असेल. दुपारनंतर सावली एक मीटर अधिक तेवढी झाली, की आपल्या अ‍ॅपमधली शाफई असर बघा. ती सात ते अकरा मिनिटांपूर्वीच लागून गेली असेल, तर चूक कुठल्या ओळीत आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. जूनचे ढग येण्याआधी ती ओळ दुरुस्त करा.